रुग्णवाहिकेत कोणत्या केसला काय घालायचं, आणि पायलटचं काय?

कातळवाट

नमस्कार. तालुक्याला उभ्या असलेल्या १०८ च्या गाडीबद्दल विचारतोय. मागे एक डॉक्टर, पुढे एक पायलट (म्हणजे गाडीचा चालक), एवढीच माणसं. ग्रामीण रुग्णालयातून जिल्हा रुग्णालय घाट धरून दीड तासावर. गाडीत ग्लव्हजचे डबे, तीन पदरी मास्क, मोजकेच एन९५ (हवेतले बारीक कण गाळणारे मास्क), दोन गॉगल आणि अंगभर घालायचे पीपीई किट असतात.

प्रत्यक्षात दिसतं ते असं: खोकणारा पेशंट आला की पूर्ण किट चढवतात, आणि रक्तबंबाळ अपघाताच्या केसला नुसते ग्लव्हज. हे उलटं नाही का? दुसरं, पायलटने नेमकं काय घालायचं? स्ट्रेचरला हात तोही लावतो. तिसरं, दोन कॉलच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटंच मिळाली तर गाडी कशी पुसायची? आणि रात्री दोनला सुई टोचली तर सकाळपर्यंत थांबलं तर चालतं का?

निळा_दिवा

शेवटच्याचं उत्तर आधी: थांबू नका. त्याबद्दल खाली कोणी सविस्तर लिहील, मी पहिल्या प्रश्नाचं लिहितो.

हो, उलटंच आहे. कॉलवर आजाराचं नाव कळत नाही, त्यामुळे नावावरून ठरवता येत नाही. पेशंटकडून आपल्यापर्यंत काय येऊ शकतं तेवढं बघायचं: श्वासातली हवा, शिंतोडे की स्पर्श.

क्षय हवेतून पसरतो. अंगभर किट घातलं तरी त्याने क्षय अडत नाही. तिथे दोनच गोष्टी कामाच्या, चेहऱ्यावर घट्ट बसलेला एन९५ आणि खेळती हवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, थुंकीत रक्त, यातलं काही ऐकलं की पेशंट आत घ्यायच्या आधीच एन९५ लावा. पेशंटला मात्र साधा तीन पदरी मास्क. त्याला एन९५ दिला तर त्याचा दम वाढतो आणि तुमचा साठा संपतो. नाकात ऑक्सिजनची नळी असेल तर मास्क तिच्यावरून बसतो. ऑक्सिजनचा मोठा मास्क लावावा लागला तर ते जमत नाही, मग सगळी भिस्त तुमच्या एन९५ वर आणि हवेवर.

एन९५ घातला म्हणजे काम झालं असं नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, चिमटीत धरून नव्हे, नाहीतर मधोमध घडी पडते आणि तिथूनच हवा गळते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर मास्क बसलेला नाही. श्वास आत घेताना मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. दाढीवर एन९५ बसत नाही, दोन दिवसांच्या खुंटांवरही नीट बसत नाही. कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्यांचा मास्क घट्ट बसतो, मागणीपत्रात तसं स्पष्ट लिहा. झडपवाला घेऊ नका, त्यातून तुमचा उच्छ्वास न गाळता पेशंटकडे जातो.

अपघात, रक्ताची उलटी, गाडीत झालेली डिलिव्हरी, इथे धोका डोळ्यांना आणि हातांना. गॉगल किंवा फेस शील्ड, मास्क, प्लॅस्टिकचा एप्रन आणि ग्लव्हज. काच-पत्रा असेल तर दुहेरी ग्लव्हज. डिलिव्हरीत पाणमोट फुटताना शिंतोडा थेट डोळ्यात जातो, आणि नेमका तेव्हाच गॉगल खोक्यात पडलेला असतो. जुलाबाच्या केसला एप्रन आणि ग्लव्हज, नंतर हात साबण-पाण्यानेच. सॅनिटायझर जुलाबाच्या सगळ्या जंतूंवर चालत नाही.

सगळ्यात जास्त धोका असतो तो अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) देताना, सक्शन करताना (घशातला स्राव ओढून काढताना), श्वासनलिकेत नळी घालताना आणि सीपीआर (छाती दाबून) देताना. तेव्हा खोकला असो वा नसो, एन९५, डोळ्यांचं संरक्षण, गाऊन आणि ग्लव्हज हवेतच. अंबू बॅग आणि मास्कच्या मध्ये व्हायरल फिल्टर बसवून ठेवा. ऐनवेळी शोधत बसाल तर सापडणार नाही, म्हणून बॅगला कायमचा जोडलेला असू दे आणि प्रत्येक पेशंटमागे बदला. नळी घालायची वेळ आली तर गाडी थांबवून, मागचं दार उघडून घाला. दम्याच्या पेशंटला खोकला-ताप असेल तर नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ देणारं यंत्र) स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप द्या. साल्ब्युटामॉलचे ४ ते ८ पफ एकेक करून. चालत्या बंद गाडीतला नेब्युलायझर पेशंटच्या श्वासासकट सगळं धुकं गाडीच्या मागच्या भागात भरतो.

स्टेअरिंग_आणि_सायरन

पायलटबद्दल लिहितो, कारण त्याला कोणी मोजत नाही. पुरवठ्याच्या यादीत एक किट म्हणजे डॉक्टरचं, असं धरलेलं असतं. पण जिन्यावरून पेशंट उतरवताना पायाकडची बाजू पायलटच्या हातात असते आणि पेशंटचं तोंड त्याच्याकडे. त्या वेळी त्यालाही डॉक्टरइतकंच लागतं.

खरी गडबड पुढे होते. स्ट्रेचर आत ढकलला की पायलट घाईत तेच ग्लव्हज घालून केबिनमध्ये चढतो. दाराची मूठ, किल्ली, गिअर, स्टेअरिंग, मोबाइल, सगळ्याला ते लागतं, आणि पुढचे आठ तास तो उघड्या हातांनी त्यालाच हात लावत राहतो. म्हणून मागचं दार लावलं की तिथेच, गाडीबाहेर, ग्लव्हज आणि एप्रन काढायचे, हात चोळायचे आणि मग केबिन. दाराच्या आतल्या बाजूला सॅनिटायझरची बाटली आणि लाल पिशवी टांगून ठेवली की हे जमतं. बाटली केबिनमध्ये ठेवली तर मूठ आधीच खराब झालेली असते. खोकणारा पेशंट असेल तर एन९५ मात्र पूर्ण प्रवासात चेहऱ्यावर.

हवेचं असं आहे: धावत्या गाडीत पुढच्या खिडकीपाशी दाब कमी होतो, त्यामुळे मधली सरकती काच उघडी असेल तर मागची हवा पुढे ओढली जाऊ शकते. ती काच बंद. केबिनचा पंखा पूर्ण वेगात, बाहेरची हवा आत घेण्यावर. एसी आतलीच हवा फिरवत असेल तर ते बटण आधी बंद करा. मागे एक्झॉस्ट फॅन असेल तर पूर्ण वेगात, नसेल तर मागच्या खिडक्या उघड्या. पावसात चार बोटं तरी.

कातळवाट

फार उपयोगी, दोघांचेही आभार. एक शंका: काढताना क्रम काय? आणि जंतुनाशक गाडीत फवारून दार लावून ठेवलं तर पुसायची गरज राहते का?

तीन_बादल्या

क्रम: आधी ग्लव्हज, मग गॉगल मागच्या पट्टीला धरून, मग गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत, आणि एन९५ सगळ्यात शेवटी, गाडीतून उतरल्यावर, पट्ट्यांना धरून. पुढच्या भागाला हात नाही. प्रत्येक टप्प्यानंतर हात चोळा. घालताना चूक झाली तर वेळेत लक्षात येते, काढताना झाली तर कळतही नाही. मे महिन्यात घामाघूम झालेला माणूस पहिल्यांदा तोंडावरचा मास्क खेचतो, संसर्गाला वाट तिथेच मिळते. नको तिथे पूर्ण किट न घालण्याचं हे आणखी एक कारण.

फवारून भागत नाही. फवाऱ्याचे थेंब बेल्टच्या बकलमागे, गादीच्या शिवणीत पोचत नाहीत. रक्त-थुंकीच्या थराखाली जंतू सुखरूप राहतात, आणि ते धुकं तुमच्या फुप्फुसात जातं. पुसायलाच हवं.

हायपोक्लोराइट १ टक्का करायचं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर २०० मिली त्यात ८०० मिली पाणी. १० टक्क्यांची असेल तर १०० मिली आणि ९०० पाणी. ब्लीचिंग पावडर चांगली, ३३ टक्के क्लोरीनवाली असेल तर लिटरला ३० ग्रॅम. रोज ताजं करा. पारदर्शक बाटलीत डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेलं द्रावण वासाला उग्र असतं, पण जोर गेलेला असतो. त्यात अॅसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

रक्त सांडलं असेल तर आधी कागद किंवा गॉज टाकून टिपा, वरून द्रावण ओता, किमान १० मिनिटं थांबा, मग कडेकडून मध्याकडे पुसा. पंधरा मिनिटंच असतील तर हा क्रम धरा: दारं उघडी टाका, रक्ताच्या डागावर द्रावण ओतून ठेवा, आणि ते मुरेपर्यंत हात लागणाऱ्या जागा घ्या. स्ट्रेचरच्या दांड्या, बेल्टची बकलं, मॉनिटरची बटणं, सिलेंडरची चावी, दाराच्या मुठी. धातूवर हायपोक्लोराइट राहिलं तर गंज चढतो, तिथे ७० टक्के अल्कोहोल वापरा. ऑक्सिमीटरचा चिमटा आणि स्टेथोस्कोपही त्यानेच. बीपीचा कापडी पट्टा हे कायम विसरलं जातं. रक्त लागलेला पट्टा पुसून साफ होत नाही, धुवावाच लागतो, म्हणून दुसरा जवळ हवा.

ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी) बाटली उघडून बघा. तळाला बुळबुळीत थर लागला असेल तर ते पाणी बुडबुड्यांसकट पेशंटच्या फुप्फुसात जातंय. नळाचं पाणी नको, निर्जंतुक पाणी घाला. दर पेशंटनंतर ओता, धुवा आणि कोरडी ठेवा. कमी फ्लोला, थोड्या अंतराला ह्युमिडिफायर लागतही नाही.

एआरटी_ओपीडी

सुईबद्दल. टोचली की साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात घालू नका, हायपोक्लोराइट लावू नका. डोळ्यात उडालं तर सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, लेन्स असेल तर धुऊन मग काढा आणि पुन्हा धुवा.

एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांच्या आत, फार तर ७२ तासांपर्यंत सुरू करायची, आणि २८ दिवस घ्यायची. सध्याचा कोर्स म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची दिवसाला एकच गोळी. पेशंटच्या रिपोर्टची वाट बघत पहिली गोळी अडवू नका, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तज्ज्ञाला विचारून बंद करता येते. पेशंट जिल्हा रुग्णालयातच पोचवत असाल तर तिथल्या अपघात विभागात रात्रीच सांगा आणि नोंद करून घ्या. स्वतःची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणीही त्याच वेळी.

भीती सगळी एचआयव्हीची असते, पण बाधित सुईमुळे एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण हजारात ३. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची शक्यता १०० त ६ ते ३०. लसीचे तीन डोस: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर १ ते २ महिन्यांत टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) बघा, १० mIU/ml किंवा जास्त हवा. लस नसताना टोचली तर हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत आणि लसीचा पहिला डोस त्याच दिवशी.

‘तुम्ही कंत्राटी, लस तुमची तुम्ही घ्या’ असं कोणी म्हणालं तर जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम दाखवा. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं संस्थेवर बंधनकारक आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये संरक्षक साधनं आणि ही औषधं पुरवायची जबाबदारीही संस्थेवरच टाकली आहे. पायलटही त्यात येतो. अर्ज लेखी करा, पोच घ्या.

आणि टोचू नये म्हणून: आयव्ही (शिरेतली सुई) गाडी हलायच्या आधी लावा, घाटात लावावीच लागली तर थांबवून. सुईला टोपण परत लावू नका. शार्प बॉक्स (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) सुई टोचणाऱ्या हाताच्या अंतरात, पट्ट्याने बांधलेला. पाऊण भरला की बदला. गादीत ‘तात्पुरती’ खोचलेली सुई साफ करणाऱ्याच्या हातात जाते.

कातळवाट

शेवटचं विचारतो: मोजकेच एन९५ असतील तर एकच पुन्हा वापरायचा का?

निळा_दिवा

तुटवडा असेल तरच, आणि त्याच माणसाने. पाचपेक्षा जास्त वेळा चढवू नका, तोपर्यंत पट्ट्या सैलावतात. कागदी पिशवीत ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते. ओला झाला, रक्त लागलं, नळी घालताना किंवा सक्शनला वापरला असेल तर त्याच वेळी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका. अल्कोहोल मारू नका, धुऊ नका, दोन्हीने गाळणीची ताकद जाते.