केवडा आलेली भेंडी उन्हात ताठ, हिरवीगार भेंडी मान टाकून. हे उलटं कसं?

कंडक्टर_निवृत्त

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं एसटीत तिकिटं फाडली, आता शिरूर तालुक्यात ८ गुंठे भेंडी करतो. शेतीत कच्चा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टोकण केली, दुकानातलं हायब्रीड बी. मार्च संपता संपता विहिरीकडच्या कडेला केवडा रोग दिसला. आधी शिरा हळदीसारख्या, मग अख्खं पान पिवळं, भेंडी पांढुरकी आणि निबर. मोजली तर ३३ झाडं. उपटायची होती, पण आज-उद्या करत राहिलो.

एप्रिलच्या २० तारखेला मोटार जळली. वाइंडिंगवाला भाच्याच्या लग्नाला गेलेला, त्यामुळे ९ दिवस पाणी नाही. पाचव्या दिवसापासून बघतोय, ११ वाजले की हिरवी, निरोगी झाडं माना टाकतात. बस शेवटच्या थांब्याला आल्यावर झोपलेले पॅसेंजर असतात ना, तशी. आणि ती पिवळी रोगट पोरं दुपारी ३ पर्यंत ताठ! बांधावरचे शेजारी म्हणतात, "ठेव ती, बियाणं धर त्यांचं, दुष्काळाची जात सापडली तुला."

दुकानदाराने वेगळंच सांगितलं. ६५० रुपयांची बाटली दाखवून म्हणाला, ही मारली की झाडाची इम्युनिटी वाढते आणि केवडा जातो.

माझे प्रश्न दोन. मला दिसतंय ते खरं की उन्हाचा भास? आणि झाडाला खरंच आपल्यासारखी काही प्रतिकारशक्ती असते का? त्याला ना रक्त, ना पांढऱ्या पेशी. मग लढतं कशानं?

---

माळरान

काका, आधी उपटा. विज्ञान नंतर.

केवडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो. एकदा रोगट झाडाचा रस प्यायली की ती माशी पुढे कित्येक दिवस विषाणू वाहत राहते. तुमची ३३ झाडं म्हणजे तिची खानावळ आहे. मी ३ वर्षांपूर्वी अशीच १०-१५ झाडं दया येऊन ठेवली होती, महिन्याभरात अर्धा प्लॉट पिवळा. उपटताना सकाळी लवकर जा, माशी गारठ्यात सुस्त असते. झाड पोत्यात घालून मगच बाहेर काढा, नुसतं ओढत नेलं तर माशा सगळ्या रानात उडतील. पिवळे चिकट सापळे लावा. बाटली घेऊ नका.

---

रंध्र

काका, वनस्पती-रोगशास्त्रात पीएचडी करतेय, विषाणू हाच विषय. त्यामुळे लांब लिहिणार, चहा घेऊन बसा.

झाड लढतं, आणि त्याची लढण्याची रीत माणसाला फार उशिरा कळली. १९२८ मध्ये अमेरिकेत विनगार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूवरच्या रिंगस्पॉट विषाणूबद्दल लिहिलं. खालच्या पानांवर रोगाच्या गोल चकत्या, पण त्याच झाडाला वर फुटलेली नवी पानं स्वच्छ. त्या स्वच्छ पानांना तोच विषाणू पुन्हा लावला तरी रोग दिसेना. झाड बरं झालं होतं, पण कसं ते कुणाला सांगता येत नव्हतं.

उत्तराची वाट निघाली ती फुलांतून. १९९० च्या सुमारास पेट्युनियाची जांभळी फुलं आणखी गडद करायला रंगाचा एक जादा जनुक घातला, तर काही झाडांना चक्क पांढरी फुलं आली. झाडाने नवा जनुक तर बंद केलाच, स्वतःचाही केला. मग १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये हॅमिल्टन आणि बाउलकोम्ब यांना अशा झाडांत आरएनएचे, म्हणजे जनुकाचा निरोप पेशीत नेणाऱ्या धाग्याचे, अगदी बारीक तुकडे सापडले. खरी गंमत त्या तुकड्यांत आहे.

विषाणू पेशीत वाढायला लागला की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो. झाडाचं डायसर नावाचं प्रथिन तो कातरून साधारण २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं. आर्गोनॉट नावाचं दुसरं प्रथिन त्यातला एकेक तुकडा हातात धरतं आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए दिसला की तोडतं. हे तुकडे अन्नरसाच्या नळ्यांतून वरच्या कोवळ्या भागातही पोचतात. म्हणजे विषाणू तिथे जाण्याआधी त्याची ओळख तिथे पोचलेली असू शकते. विनगार्डची ती वरची स्वच्छ पानं आठवा.

आता तुमच्या ताठ झाडांकडे येते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने प्रयोग छापला होता. भात, तंबाखू, टोमॅटो अशा पिकांना वेगवेगळ्या विषाणूंची लागण करून पाणी तोडलं, तर लागण झालेली झाडं निरोगी झाडांपेक्षा काही दिवस उशिरा सुकली. त्यामुळे तुम्हाला भास झालेला नाही. पण त्या प्रयोगात तुमच्या भेंडीचा विषाणू नव्हता, म्हणून लगेच तसंच म्हणणार नाही. आधी एक साधी गोष्ट करा. एका पिवळ्या आणि एका हिरव्या झाडाच्या बुडाशी वीतभर उकरून माती मुठीत दाबून बघा, आणि दोन्ही झाडांची पानं मोजा.

बियाणं मात्र अजिबात धरू नका. ती दुष्काळाची जात नाही, तेच हायब्रीड आहे, फक्त आजारी.

---

कंडक्टर_निवृत्त

ताई, चहा दोनदा झाला. म्हणजे माझ्या भाषेत असं, की झाड विषाणूचंच तिकीट फाडतं, तुकडा खिशात ठेवतं, आणि नंबर जुळला की पुढचा पकडतं. बरोबर? मग माझी ३३ झाडं का हरली? त्यांच्याकडेही कात्री होतीच की.

माती बघितली. हिरव्या झाडाखाली वीतभर खोल सुद्धा भुसभुशीत, मुठीतून गळते. पिवळ्याखाली लाडू वळला. पानं हिरव्यावर २६, पिवळ्यावर ११, तीही तळहाताएवढी. खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं. काहीतरी चमत्कार निघेल अशी आशा होती.

---

रंध्र

लाडूच उत्तर आहे काका. पान म्हणजे पाणी बाहेर टाकणारं दार. पिवळ्या झाडाला पानं निम्म्याहून कमी, म्हणून त्याच्या बुडाची ओल टिकली. हिरव्याने मोठा संसार मांडला होता, त्याचं पाणी आधी संपलं. त्यातूनही ते काही गप्प बसलेलं नाही. ताण आला की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हा निरोप देणारा पदार्थ वाढतो, पानावरची बारीक छिद्रं म्हणजे रंध्रं मिटतात, पाणी वाचतं. त्याची किंमत अशी की रंध्रं मिटली की हवा आत येत नाही, अन्न बनायचं थांबतं आणि पान तापतं. मान टाकल्याने उन्हाचा माराही थोडा चुकतो. संध्याकाळी ती झाडं पुन्हा उभी राहत असतील तर मेलेली नाहीत, पाणी द्या.

तुमचं तिकिटाचं उदाहरण मी गाइडना सांगणार आहे. तुमची झाडं हरली, कारण तुमच्या गाडीतला चोर आधी कंडक्टरचाच खिसा कापतो. केवड्याच्या विषाणूबरोबर बीटा-सॅटेलाइट नावाचा डीएनएचा एक छोटा सोबती फिरतो. तो जे प्रथिन बनवतो ते झाडाच्या याच कातरकामात खोडा घालतं. बहुतेक यशस्वी विषाणूंकडे असा काही ना काही खिसेकापू असतोच.

हा झगडा आपल्याकडे जुना आहे. भेंडीच्या या रोगाची पहिली नोंदच १९२४ ची, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका जंगली नातलगाशी संकर करून 'परभणी क्रांती' काढली. केवड्यापुढे ती चांगली टिकत होती. पण विषाणूही बदलत राहिला, आणि पुढे तिच्यावरही केवडा दिसू लागला.

---

गच्चीवरची_बाग

मध्येच विचारते. मी मिरचीच्या कुंडीत महिन्यातून एकदा अ‍ॅस्पिरिनची गोळी विरघळवून घालते. पानं आकसून वळणारा चुरडा-मुरडा येत नाही असं एका व्हिडिओत पाहिलं. मूर्खपणा आहे का?

---

रंध्र

मूर्खपणा नाही, मुळाशी खरा प्रयोग आहे. १९७९ मध्ये व्हाइट नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचलं आणि मग मोझॅकचा विषाणू लावला, तर डाग कमी आले. नंतर कळलं की सॅलिसिलिक आम्ल हा झाडाचा स्वतःचाच धोक्याचा निरोप आहे. एका पानावर हल्ला झाला की त्याच्यामुळे बाकीची पानं सावध होतात. पण तो तंबाखू विशिष्ट जातीचा होता, ज्यात विषाणू ओळखणारा जनुक आधीच होता, आणि औषध लागणीच्या आधी दिलं होतं. कुंडीतल्या मिरचीला तोच हिशेब लागू होईल असं नाही. शिवाय चुरडा-मुरडा फुलकिडे आणि कोळ्यांमुळेही होतो, तिथे गोळी काय करणार? पान उलटं करून भिंगातून बघा.

काका, तुमच्या ६५० च्या बाटलीलाही हेच लागू. सावध करणं वेगळं आणि आत शिरलेल्याला हाकलणं वेगळं. केवडा आलेल्या झाडातून विषाणू काढणारं औषध नाही.

---

माळरान

ताई, ऊन जास्त असलं की झाडाची ही शक्ती वाढते का कमी होते? आमच्याकडे ४२ गेलंय.

---

रंध्र

दोन्ही होतं, म्हणून तर डोकं धरायला लागतं. त्या तंबाखूचा विषाणू ओळखणारा जनुक साधारण २८ अंशांच्या वर कामच करत नाही, आणि रोग सगळ्या झाडात पसरतो. उलट कातरकाम उबेत वाढतं. कसाव्यात, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्या कंदात, केवड्याच्याच कुळातल्या विषाणूंवर प्रयोग झालेत. २५ वरून ३० अंशांवर नेलं तर तुकडे वाढले आणि लक्षणं कमी झाली. ४२ ला मात्र झाडाला स्वतःची प्रथिनं सांभाळतानाच नाकी नऊ येतात. आणि तुमच्या रानात तापमानापेक्षा मोठा हिशेब माशीचा आहे, कोरड्या उन्हात ती भराभर वाढते.

---

कंडक्टर_निवृत्त

मोटार सुरू झाली. पहिलं पाणी रात्री दिलं, सकाळी हिरवी मंडळी उभी. ३३ पैकी ३१ झाडं पोत्यात घालून काढली आणि जाळली. दोन मुद्दाम ठेवली आहेत, घराजवळ, वरून मच्छरदाणी लावून. नवीन पानं विनगार्डसारखी स्वच्छ फुटतात का ते बघायचंय. रोज वहीत लिहितो.

---

माळरान

काका, पांढरी माशी मिलिमीटरभराची. मच्छरदाणीतून ती आरामात आत-बाहेर करते. त्यासाठी ४० ते ५० मेशची, म्हणजे इंचाला तेवढी भोकं असलेली कीटकरोधक जाळी लागते.

---

कंडक्टर_निवृत्त

विनातिकीट प्रवास चालू होता म्हणजे. आज संध्याकाळी दोन्ही उपटली. बायको म्हणाली, झाडं गेली ते बरंच झालं, चार रात्री डास चावत होते.