गिअर लिंकेजचे बुश : कंपनीचंच रबर परत टाकायचं की डेलरिन? आपल्या खान्देशच्या गाड्यांपुरतं बोलू

गिरणाकाठ (चाळीसगाव)

विषय रॉडवाल्या लिंकेजचा आहे, म्हणजे लिव्हरची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेणारे रॉड आणि त्यांच्या जोडांत पिनेभोवती बसणारे बुश (छोट्या नळ्या); गाड्या म्हणजे मारुती ८००, ओम्नी, पहिली होंडा सिटी असल्या गाड्या. केबलवाल्यांचं वेगळं गणित आहे, ते नंतर बोलू. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत बंद झालं पण आपल्याकडे खेड्यापाड्यात अजून किती चालू राहिल्यात बघा, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांची एकच तक्रार, गिअर पडतो पण कुठला पडला ते हाताला कळत नाही, न्यूट्रलमध्ये लिव्हर डावी-उजवीकडे नुसता लोंबकळतो, दुसऱ्याच्या जागी चौथा लागतो. गॅरेजात नेली की उत्तर ठरलेलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खाली वाकून रॉडचे जोड हातानं हलवून बघायला दोन मिनिटं लागतात, ते कोणी करत नाही.

माझं स्पष्ट मत असं की आपल्या भागात रॉडच्या जोडांवर परत रबर किंवा साधं नायलॉन टाकूच नये, डेलरिनचे (हे एक कडक, गुळगुळीत प्लॅस्टिक) बुश लेथवर बनवून घ्यावे. का ते सांगतो. लिव्हर हा तरफ आहे. टेकूच्या वर समजा २५ सेंमी आणि खाली ५ सेंमी धरला तर खालच्या बुशमध्ये १ मिमी ढिलाई म्हणजे वर मुठीत ५ मिमी. आणि जोड एकच नसतो, प्रत्येक जोडाची ढिलाई पुढच्यात मिळते, म्हणून बुश हातात घेतला तर बरा दिसतो पण लिव्हर मात्र पार सैल झालेला असतो.

दुसरं म्हणजे आपली हवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, खालून रस्त्याची धग, बाजूनं सायलेन्सरचा पाइप. रबर आधी कडक होतं, मग चिरतं. नायलॉन पाणी पितं, पूर्ण भिजवलं तर नायलॉन ६ वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं आणि फुगतं, म्हणजे उन्हाळ्यात ढिला अन पावसाळ्यात जाम. डेलरिन एक टक्क्याच्याही आत राहतं, माप सोडत नाही, आणि ग्रीस कमी पडलं तरी पिनवर सरकतं. वितळतं साधारण १७५ अंशाला, तिथवर आपल्या गाडीचा खालचा भाग जात नाही.

एमएच१८_धुळे

गिरणाकाठ भाऊ, तरफेचं गणित बरोबर पण निष्कर्ष पटत नाही. कंपनीनं रबर टाकलं ते फक्त पैसे वाचवायला टाकलं असं समजू नका. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं आहे, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ते स्वतःच थरथरतं, ती थरथर रॉडमधून लिव्हरला आणि लिव्हरमधून फ्लोअरला येऊ नये म्हणून मधे मऊ काहीतरी पायजेच. तुम्ही सगळे जोड कडक केले की मुंबई-आग्रा रोडवर तासभर गाडी चालवा, हातात मुंग्या येतील आणि डॅशबोर्डच्या खालून असा बारीक आवाज सुरू होईल की कुठून येतो ते सापडणार नाही. घरच्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचं असतं, रेस नाही लावायची.

आणि रबर चिरलं तर नवीन टाका ना. इतके वर्ष टिकलं तेच परत टाकलं तर अजून तितकंच टिकेल. लोक बाजारातलं स्वस्त डुप्लिकेट टाकतात, ते सहा महिन्यात जातं आणि मग शिव्या रबराला.

लेथ_जळगाव

मी जळगाव एमआयडीसीत लेथवर आहे, बुश हे रोजचं काम, म्हणून लिहितो. डेलरिन चांगलं मटेरियल आहे, कापायला लोण्यासारखं आहे, त्यात वाद नाही. पण गिरणाकाठ दादांनी गनमेटलचं (तांबं-कथलाचा मिश्रधातू) नावच घेतलं नाही. ट्रॅक्टरच्या, शेतीअवजारांच्या कितीतरी जोडात गनमेटल चालतं आणि तिथं धूळ-माती आपल्या कारपेक्षा कितीतरी जास्त. पिन पोलादी, बुश गनमेटलचा, आत ग्रीसची खाच, बाहेरून ग्रीस भरायचं निप्पल, महिन्याला एक पंप. माझं मत गनमेटल.

एक गोष्ट लोक विसरतात ती सांगतो. मऊ बुशमध्ये धुळीचा कण शिरला की तो बुशमध्ये रुतून बसतो आणि तिथून पिनला घासत राहतो. कारखान्यात लॅपिंग असंच करतात, मऊ धातूच्या पाटीत पावडर रुतवून कडक लोखंड घासतात. म्हणजे डेलरिनचा बुश छान दिसतो आणि पिन खलास होऊ राहिली असं होतं. बुश नवा टाकूनही सहा-आठ महिन्यात परत ढिलाई आली तर पिन मोजा आधी.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

@लेथ_जळगाव, रुतण्याचा मुद्दा एकदम खरा, पण गनमेटलही पोलादापेक्षा मऊच आहे भाऊ, म्हणूनच तो बुशला वापरतात, मग कण त्यातही रुतणारच. फरक एवढाच की गनमेटलला सतत ग्रीस पायजे आणि उघड्या ग्रीसला आपली काळ्या मातीची धूळ चिकटली की त्याचा घासपेस्ट होतो. ट्रॅक्टरवाला निप्पलमधून पंप मारतो, जुनं ग्रीस मातीसकट बाहेर येतं, म्हणून तिथं चालतं. ८०० च्या खाली झोपून महिन्याला ग्रीस कोण मारणार, खरं सांगा. म्हणून मी म्हणतो मटेरियलपेक्षा आधी झाकण, म्हणजे रबरी बूट शाबूत पायजे, दोन्ही बाजूला ओ-रिंग बसेल अशी खाच ठेवून बुश बनवा.

@एमएच१८, थरथरीचं मान्य आहे, त्यावर खाली वेगळं लिहितो.

कालीपिली_शहादा

आमी शहादा-धडगाव लाईनला गाड्या चालवतो. जीप टाइप गाडीत लिव्हर डायरेक्ट गिअरबॉक्सच्या माथ्यावर, रॉडबिड काही नाही, खालच्या गोळ्याला प्लॅस्टिकची वाटी असते तेवढी झिजते, ती बदलली की झालं. पण घरी ओम्नी आहे, तिचं लिंकेज लांब, म्हणून हा धागा वाचू राहिलो.

माझं म्हणणं एकच, तोरणमाळच्या घाटात नाहीतर धडगावच्या पुढे बुश तुटला तर डेलरिन कुठून आणणार? कंपनीच्या नंबरचा बुश तळोद्याला मिळतो, शहाद्याला मिळतो, कोणी पण मिस्तरी बसवून देतो. लेथवाला बुश त्याच्या मापाचा, एकदा गेला की परत माप घ्या, परत जळगाव नाहीतर धुळे. ज्याची गाडी रोज पोट भरते त्यानं जे सगळीकडे मिळतं तेच टाकावं, हे मी अनुभवाने सांगतो. तुमच्याकडे दोन गाड्या असतील तर करा हौस.

अमळनेरची_वाचक

सगळे मटेरियलवर भांडताय, पण निम्म्या वेळा दोष बुशमध्ये नसतोच आणि तरी बुश बदलले जातात, त्याचं काय? माझ्या वडिलांचं गॅरेज होतं, तिथे गाडी आली की पहिली तपासणी हीच असायची. इंजिन बंद करून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत पहिला-रिव्हर्स अडतो, तर तुमचा क्लच पूर्ण सुटत नाहीये, क्लचची केबल बघा, प्लेट बघा, बुशला हात लावू नका. एकाच गिअरला कर्रर्र होतं बाकी ठीक, तर तो सिंक्रो रिंगचा (गिअरबॉक्सच्या आत गिअरचा वेग जुळवणारी कडी) प्रश्न. बंद गाडीतही लिव्हर ढिला आहे, कुठला गिअर पडला कळत नाही, हे मात्र लिंकेज.

आणि ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की लिव्हर पुढेमागे उडी मारतो, ते इंजिन माउंटिंग. आडवं बसवलेलं इंजिन जोर लागला की डुलतं, माउंटिंगचं रबर फाटलं की जास्तच डुलतं. तिथे तुम्ही डेलरिन टाकलं तर ढिलाई कमी होणार नाही, उलट डुलणं सगळं लिव्हरला येईल. @गिरणाकाठ दादा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं, कारण वाचून कोणीतरी थेट लेथवर जाईल.

एमएच१८_धुळे

ताई बरोबर बोलल्या. माउंटिंगला कोणी विचारतच नाही.

जीटीरोड_नंदुरबार

माझी केबलवाली हॅचबॅक आहे, मला ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट बुश टाकायचे आहेत, केबल जिथे गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला अडकते तिथले रबर काढून. व्हिडिओत बघितलं, गिअर एकदम टकटक पडतात. कोणी टाकलेत का? माझ्या मते तर सगळ्यांनीच टाकावे, गाडी चालवायची मजाच वेगळी.

लेथ_जळगाव

नंदुरबारवाले भाऊ, टाका पण समजून टाका. केबलच्या बाहेरच्या नळीला आधार तिथे रबरातून मिळतो, ते दबतं म्हणून तुमचा थोडा हात वाया जातो, धातू टाकला की तो वाचतो, हे खरं. पण केबल थोडीशी वाकडी बसली तर रबर सांभाळून घेतं, ॲल्युमिनियम नाही घेत, मग केबल तिथे ताणली जाते. आणि केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी, जी गोळ्यावर दाबून बसते, ती झिजली असेल तर ब्रॅकेटला सोनं लावलं तरी उपयोग नाही. आधी ती बदला. ती निसटली की रस्त्यातच एका गिअरमध्ये अडकता.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आता एमएच१८ भाऊंच्या थरथरीवर. रॉडच्या लिंकेजमध्ये दोन रॉड असतात. एक फिरून आणि सरकून गिअर बदलतो. दुसरा सपोर्टचा, तो एका टोकाला गिअरबॉक्सच्या बॉडीला आणि दुसऱ्या टोकाला लिव्हरच्या बैठकीला. त्याचं काम काय, तर इंजिन डुललं की बैठक पण सोबत सरकावी म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्समधलं अंतर तेवढंच राहतं. थरथर बॉडीत येते ती मुख्यतः या दुसऱ्या रॉडच्या टोकातून आणि बैठकीच्या रबरातून. तिथलं रबर मी कधीच काढा म्हणणार नाही, तिथे कंपनीचंच नवीन टाका. फार तर मऊ पीयू (पॉलियुरेथेन), कडकपणा शोर ए मापावर ८० च्या पुढे नको, ९५ चा टाकला की जवळजवळ लोखंडच झालं. मी डेलरिन म्हणतो ते फक्त पहिल्या रॉडच्या पिनांच्या जोडांवर. तिथे रबर थरथर थोडी अडवतं हे खरं, पण त्याबदल्यात गिअर पूर्ण बसत नाही.

आणि गिअर पूर्ण न बसणं हे नुसतं हाताच्या सुखाचं नाही. कन्नड घाट चढताना दुसऱ्यात लोड आहे, लिंकेजच्या ढिलाईनं गिअरबॉक्समधली स्लीव्ह (सरकून गिअरला अडकणारी दातेरी कडी) अर्धीच सरकली, तर दातांच्या कडांवर भार येतो, कडा गोल होतात, मग गिअर निसटायला लागतो. तेव्हा बुश बदलून काही होत नाही, तेव्हा खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुसरा गिअर घाटात निसटला आणि मागे भरलेला ट्रक असला तर काय होतं ते मी सांगायला नको. मी इतका जोर लावून बोलतो ते यासाठी.

अमळनेरच्या ताईंची तपासणी सगळ्यात आधी, यात दुमत नाही. कोणी हा धागा पुढे पाठवणार असेल तर त्यांची पोस्ट वरती टाकून पाठवा.

एमएच१८_धुळे

सपोर्ट रॉडचं रबर ठेवायचं म्हणता तर आपलं भांडण अर्ध्यावर आलं. पण पहिल्या रॉडलाही मी नवीन रबर-नायलॉनच टाकेन, आणि ते गिअर पूर्ण बसवतं, नवीन असताना बसवतंच. तुमची सगळी उदाहरणं झिजलेल्या बुशची आहेत. झिजलेल्या रबराची तुलना नव्या डेलरिनशी करू नका, नव्याशी नवं ठेवा. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी बदलायची शिस्त ठेवली तर डेलरिनची गरज राहत नाही. आणि मिस्तरी लोक रबराच्या बुशला साधं पिवळं ग्रीस फासतात ते आधी बंद करा, खनिज तेलानं रबर फुगतं आणि पिठासारखं होतं, तिथे सिलिकॉनचंच ग्रीस लागतं. अर्ध्या गाड्यांचं रबर उन्हानं नाही, ग्रीसनं मेलंय.

कालीपिली_शहादा

ग्रीसचं मला नवीन. आमच्याकडे तर सगळ्याला एकच डबा.

लेथ_जळगाव

धुळेवाल्यांचं म्हणणं ज्याला शिस्त आहे त्याच्यासाठी ठीक. ज्याला पाच वर्ष खाली बघायचं नाही त्यानं डेलरिन करावं, एवढं मी आता मान्य करतो, ग्रीस मारायची तयारी असेल तर मात्र माझं मत अजून गनमेटलच. डेलरिन करायचं असेल तर येताना नुसता जुना बुश आणू नका, तो झिजलेला असतो, त्याच्या मापाचा बनवला तर ढिलाईच बनवून घ्याल. पिन आणा, रॉडचं कानाडं (पिन जाते ते भोकाचं टोक) आणा. पिनला मधे नखानं खाच लागली तर पिनही नवीन करून घ्या. आणि फिट एकदम घट्ट मागू नका, डेलरिन गरम झाल्यावर लोखंडापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं, पिनवर ०.१ मिमीच्या आसपास मोकळीक ठेवावी लागते, नाहीतर डिसेंबरात छान आणि मे मध्ये लिव्हर जड. गाडी उन्हात उभी करून दुपारी गिअर टाकून बघा, मगच बूट आवळा.