कुत्र्याला घेऊन फेरीबोटीने स्पेनला, कॅराव्हॅनसकट: कुणी गेलंय का?

लुसीचीआई:
नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडात राहतो, जूनमध्ये कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन उत्तर स्पेनला जायचं चाललंय आणि लुसी, आमची नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर, बरोबर येणारच. पोर्ट्समथ-सँटँडर फेरी घेतली तर फ्रान्सभरचं ड्रायव्हिंग वाचतं पण बोटीवर रात्र धरून एक दिवसाहून जास्त जातो. फ्रान्सला जाणारी डोव्हर-कॅले फेरी दीड तासात होते, मग पुढे हजाराच्या वर किलोमीटर. लुसी एकटी पाच मिनिटं राहिली तरी दाराला नाक लावून बसते हो. बोटीवर कॅराव्हॅनमध्ये ठेवता येते का? तिचा जुना पेट पासपोर्ट आहे, तो चालेल ना?

भटक्या_७१:
ताई, पासपोर्ट ब्रिटनमध्ये काढलेला असेल तर १ जानेवारी २०२१ पासून युरोपात जायला चालत नाही. दर ट्रिपला नवीन ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट लागतं, तेही तिकडे शिरायच्या आधीच्या १० दिवसांत काढलेलं. सगळे व्हेट देत नाहीत, ऑफिशियल (सरकारमान्य) व्हेटच लागतो, त्यामुळे अपॉइंटमेंट आत्ताच घेऊन ठेवा. रेबीजचा बूस्टर चुकला असेल तर इंजेक्शन परत, वर २१ दिवस थांबायचं. आणि इथलं मांसाचं डॉगफूड, च्यूज न्यायला बंदी आहे. तिचं पोट नाजूक असेल तर तिकडे मिळणारा ब्रँड आत्तापासून थोडा थोडा मिसळून द्या.

बंड्याचा_बाबा:
आम्ही सँटँडर दोनदा केलंय. कॅराव्हॅनमध्ये कुत्रा नाहीच ठेवायचा, आणि बोट सुटली की कार डेक बंद, मनात आलं की खाली जाऊन बघता येत नाही. तुमच्या लुसीला पेट केबिनच हवी, म्हणजे कुत्र्याला आपल्याबरोबर ठेवता येतं ती. त्या मोजक्या असतात, म्हणून आधी केबिन बघा मग तारीख ठरवा. मझलची (तोंडाला बांधायच्या जाळीची) सवयही घरीच लावा, केबिनबाहेर लागतो.

खरा प्रश्न शूचा. बंड्याला गवत लागतं, आणि बोटीवर कुत्र्यांसाठी डेकचा एक कोपरा, पायाखाली थरथरणारं लोखंड, वरून वारा. बिचारा तिथे शेपूट पोटाशी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा, सोळा तास रोखून धरली त्याने, जीव नुसता तुटत होता माझा. दुसऱ्या वेळी त्याने घरी शू केलेला पॅड पिशवीत घट्ट बांधून नेला, त्या कोपऱ्यात अंथरला, त्याने दोनदा हुंगला आणि केली की लगेच!

मीनल_के:
परतीचं कुणी बोललंच नाही. इंग्लंडात पोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या मध्ये व्हेटकडून टेपवर्मची (पोटातल्या जंताची) गोळी द्यावी लागते आणि सर्टिफिकेटवर तारीख, वेळ, सही, शिक्का सगळं लागतं. आमच्या डॉक्टरांकडून वेळ लिहायची राहिली, मीही बघितलं नाही, बंदरावर अडवलं. परत व्हेट शोधा, परत गोळी, परत २४ तास थांबा, सुट्टी संपलेली आणि बोट गेलेली. तिथल्या तिथे काउंटरवरच वाचून घ्या. रविवारी दवाखाने बंद असतात तेही धरा.

लुसी एकटी राहतच नसेल तर कॅलेला समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणारी शटल रेल्वेही आहे, ३५ मिनिटं, तिच्याबरोबर आपल्या गाडीतच बसायचं.

लुसीचीआई:
खूप आभार सगळ्यांचे. शटलचा मोह होतोय पण एवढं ड्रायव्हिंग तिच्या कंबरेला झेपणार नाही, त्यामुळे सँटँडरच. उद्या सकाळी फोन करून पेट केबिन बघते, आणि पॅडवर शू करायची सवय आजपासूनच.