‘बायस’ला पूर्वग्रह म्हणायचं का?

वेलांटी
साथरोगशास्त्रावरच्या (एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आजार कुणाला आणि कशामुळे होतात याचा अभ्यास) एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. वाचक डॉक्टर नाहीत, सामान्य माणसं आहेत. ‘रिकॉल बायस’ला मी ‘स्मरणाचा पूर्वग्रह’ लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘इथे कुणाचाही ग्रह नाही.’

संदर्भ असा. व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आया आणि निरोगी बाळांच्या आया, दोन्ही गटांना विचारलं, की गरोदरपणात कोणती औषधं घेतली होती. पहिल्या गटातल्या आईने ते महिने मनात शंभरदा उलगडून पाहिलेले असतात. डोकेदुखीवर घेतलेली साधी गोळीही तिला आठवते. दुसरीला आठवायचं कारणच नसतं. मग दोन्ही गटांनी गोळ्या सारख्याच घेतल्या असल्या, तरी कागदावर पहिल्या गटाच्या जास्त दिसतात आणि गोळीवर आळ येतो. याला मराठीत काय म्हणायचं?

नीरक्षीर
अभिनती. संख्याशास्त्र शिकताना आम्ही हाच शब्द वापरत होतो. नत म्हणजे झुकलेला, अभि म्हणजे त्या बाजूला. ‘स्मरण-अभिनती’ लिहा. घडवलेला शब्द हाताशी असताना तो टाकून द्यायचा आणि मग मराठीत परिभाषा नाही म्हणून गळा काढायचा, हे आता थांबायला हवं.

पानगळ
अभिनती हा शब्द गेल्या दहा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलात? सरळ ‘बायस’ लिहा. ‘तो बायस्ड आहे’ हे आता सगळेच म्हणतात.

वेलांटी
सगळे म्हणतात तिथेच तर अडतंय. बोलण्यातला बायस्ड म्हणजे पक्षपाती. व्यंग असलेल्या बाळाच्या आईने हे वाचलं, तर तिला वाटेल की आपण खोटं बोललो असा आरोप आहे. ती बिचारी उलट जास्त खरं बोलते आहे.

अनुस्वार
डॉक्टरांचं बरोबर आहे. मी हा विषय शिकवते आणि ‘पूर्वग्रह’ मुद्दाम टाळते. बायस म्हणजे चूक पुन्हा पुन्हा एकाच बाजूला पडणं. माणसाच्या स्वभावाशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

१९८१ चा कॉफीचा अभ्यास घ्या. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये कॉफी पिणं जास्त आढळलं आणि मोठी खळबळ उडाली. पण तुलनेसाठी घेतलेली माणसं कोण होती? त्याच डॉक्टरांचे दुसरे रुग्ण. त्यांतल्या बऱ्याच जणांना पोटाचे विकार होते आणि अशी माणसं कॉफी आपणहून किंवा सल्ल्यावरून कमी करतात. म्हणजे तुलनेचा गटच कमी कॉफी पिणारा निघाला. यात संशोधकांचा कॉफीवर राग होता का? अजिबात नाही. मी ‘कल’ म्हणते: ‘निवडीतला कल’, ‘आठवणीतला कल’. मुलांना लगेच कळतं.

नीरक्षीर
कल तर निवडणुकीत मतदारांचा असतो, मुलाचा गाण्याकडे असतो. कल म्हटलं की ओढ आली, आवड आली. म्हणजे पुन्हा मन आलंच. पूर्वग्रहात जो दोष दाखवलात, तोच इथेही आहे.

जुनंपान
मंडळी, आपल्या भाषेत याला अस्सल शब्द आहे: पासंग. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाच एक खाली झुकत असेल, तर त्या तराजूला पासंग आहे असं माझे आजोबा म्हणायचे. मग शंभर वेळा तोला, चूक एकाच बाजूला पडणार. दुकानदार प्रामाणिक असला तरी पडणार. ‘पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो ना आपण, तोच हा पासंग.

अनुस्वार
काय सुंदर शब्द आठवलात! मुलांच्या डोक्यात हीच गोष्ट शिरत नाही, की नमुना मोठा केला म्हणजे योगायोगाची चूक घटते, बायस तसाच राहतो. दहा हजार आयांना विचारलं तरी आठवणीतला फरक जात नाही.

नीरक्षीर
शब्द फारसी आहे, ते राहू द्या. पण पासंग म्हणजे तराजूतला दोष, की तो दोष काढायला हलक्या पारड्यात ठेवलेला दगड? मी दुसरा अर्थ ऐकत आलोय. आणि ‘पासंगाला पुरणार नाही’ हेही त्या दगडाइतकं वजनसुद्धा नाही, याच अर्थाने जुळतं. मग तुमचा शब्द दुखण्याला नसून औषधाला झाला.

जुनंपान
दोन्ही अर्थांनी वापरतात. आजोबा चूक बोलत होते हे मला मान्य नाही.

नीरक्षीर
बरं, ‘कन्फाउंडिंग’चं, म्हणजे खरं कारण दुसरंच असताना सोबतच्या गोष्टीवर आळ येण्याचं, काय करणार? ‘गोंधळकारक घटक’ असं वाचलं की मला वाईट वाटतं. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, शब्द तयार आहे: अन्यथासिद्ध. मडकं घडण्याआधी कुंभाराचं गाढव तिथे हजर असतं, माती तेच वाहून आणतं, तरी ते मडक्याचं कारण नाही. शेकडो वर्षांपूर्वी आपल्याकडे हा विचार झालेला आहे!

अनुस्वार
शब्द मोलाचा आहे, पण तुम्ही तो भलत्याला लावताय. समजा, कॉफी पिणाऱ्यांमध्ये सिगारेट ओढणारे जास्त आहेत आणि त्यामुळे फुफ्फुसाचा कर्करोग कॉफीमुळे होतो असं दिसलं. यात अन्यथासिद्ध ठरते कॉफी. कन्फाउंडर म्हणतो आपण सिगारेटला, आणि ती तर खरं कारण आहे. गाढवाला कन्फाउंडर म्हणता येणार नाही.

आणि कारणांचा विषय निघालाच आहे तर सांगते. एखादी गोष्ट आजाराचं कारण आहे का हे ठरवताना पाहायचे जे नऊ मुद्दे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये मांडले, त्यांना मराठीत सर्रास ‘निकष’ म्हणतात. त्यांनी स्वतः तसं म्हटलेलं नाही. या नऊ बाजूंनी पाहा, असं म्हटलं. यातली एकही पुरेशी नाही आणि एकही अनिवार्य नाही, हेही सांगितलं. निकष म्हटलं की विद्यार्थी बरोबरच्या खुणा करत सुटतात आणि सात जमले म्हणजे कारण सिद्ध झालं समजतात. या एका शब्दाने फार नुकसान केलंय.

पानगळ
बायसपेक्षा ‘रिस्क’चा घोळ मोठा आहे, तिकडे कुणी बघत नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं. तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, अपाय किती मोठा ते सांगत नाही. मराठीत दोन्हीला ‘धोका’च. लोक समजले, सॉसेज म्हणजे सिगारेट.

जुनंपान
जोखीम म्हणा ना. जोखणे म्हणजे वजन करणे, त्यावरून जोखीम. मोजता येतो तो धोका म्हणजे जोखीम.

नीरक्षीर
व्युत्पत्ती आपल्या सोयीने लावू नका. ‘जोखमीचं काम’ म्हणताना कोण काय मोजतं? जोखीम माणूस पत्करतो. आजार कुणी पत्करत नाही.

पानगळ
शब्द कुठलाही घ्या, आकडा शेजारी लिहा. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका ‘दुप्पट’ होतो असा इशारा दिला गेला. सात हजारांत साधारण एकीचे दोन झाले होते. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपात वाढले. तिथे ‘जोखीम’ लिहिलं असतं तर त्या घाबरल्या नसत्या का?

जुनंपान
कदाचित कमी घाबरल्या असत्या. धोक्यात घात आहे. हिंदीत तर धोखा म्हणजे सरळ फसवणूक.

अनुस्वार
मला नाही पटत. ‘दुप्पट’ हाच शब्द घाबरवतो. कशाच्या दुप्पट, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे.

नीरक्षीर
आधी ‘साथरोगशास्त्र’ बदला. गुठळी काय, कर्करोग काय, हे साथीने येतात का?