लेन्सवर बसणारा व्हाइट बॅलन्स फिल्टर घरी करायचाय: कोणतं प्लास्टिक, किती जाड?

चौकटीबाहेर

कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स त्याच्याबरोबर येते ती १८-५५, फिल्टरचे आटे ५८ मिमीचे.

मंगल कार्यालयातले रंग काही केल्या जमत नाहीयेत. छताला एलईडी पॅनेल, स्टेजवर पिवळे दिवे. हळदीला तर विचारूच नका. साड्या पिवळ्या, झेंडूच्या माळा पिवळ्या, नवरीचे गाल पिवळे. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग ओळखून फोटोचे रंग आपोआप जुळवणारी सोय) वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो निळा ओततो. हळद फिकी आणि मागची पांढरी भिंत निळी!

विकतचे फिल्टर महाग आहेत. श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण लेन्ससमोर धरून, पाहुण्यांकडे कॅमेरा रोखून कस्टम व्हाइट बॅलन्स (आपण काढलेल्या फोटोवरून ठरवलेला) घेतला. फोटो तरीही निळसर. कधी शटरच दबत नाही, कधी घेतलेलं सेटिंग लागूच होत नाही.

विचारायचंय ते असं: झाकणाऐवजी काय वापरावं, ते लेन्सवर कसं बसवावं, फिल्टरला स्वतःचा रंग नाही हे कसं तपासावं, आणि "१८ टक्के उजेड पार जायला हवा" म्हणतात ते खरंच गरजेचं आहे का?

---

दुधी_भोपळा

झाकणापासून सुरुवात करू. पांढऱ्या प्लास्टिकमध्ये बहुतेकदा टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं. ते जांभळ्या टोकाचा उजेड शोषतं आणि निळा जास्त विखुरतं. त्यामुळे वरून शुभ्र दिसणारं झाकण आरपार पाहिलं की पिवळट दिसतं. ढगाळ आभाळाकडे धरून बघा, लगेच कळेल. कॅमेरा तो पिवळटपणा उजेडाच्या खात्यावर टाकतो आणि निळा वाढवतो. नियम एवढाच लक्षात ठेवा: फिल्टर पिवळट तर फोटो निळसर, फिल्टर निळसर तर फोटो पिवळट.

माझ्या मते दोनच वस्तू कामाच्या.

पहिली, दुधी ॲक्रिलिक, २ किंवा ३ मिमी. साइनबोर्डवाल्याकडे कापून उरलेले तुकडे असतात. तिथे लेझर कटिंग असेल तर गोल कापूनच मागा. दुधी शीट दोन-तीन प्रकारच्या मिळतात, त्यामुळे प्रत्येकीचा छोटा तुकडा घ्या आणि तपासून मग ठरवा.

दुसरी, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. टेफ्लॉन रंगाच्या बाबतीत बराच तटस्थ असतो, काळाने पिवळा पडत नाही, आणि रीळ दोन-तीन चहांच्या भावात मिळतं. पिवळी टेप मिळाली तर घेऊ नका, ती गॅसच्या जोडणीची असते.

बटर पेपर पिवळट असतो आणि आणखी पिवळा पडतो. झेरॉक्सचा पांढरा कागद तर अजिबात नको. त्यात शुभ्रता वाढवणारं द्रव्य असतं. ते अतिनील किरण घेऊन निळा उजेड बाहेर टाकतं. उन्हात अतिनील भरपूर, एलईडी बल्बमध्ये जवळपास नाहीच. म्हणजे तोच कागद बाहेर एक रंग दाखवणार आणि आत दुसरा, अशी चूक नंतर दुरुस्तही करता येत नाही. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च अंधारात मारून पाहा. झेरॉक्सचा कागद शेजारी ठेवा. त्याच्यासारखं जे चमकेल ते बाद.

बांधणी अशी:

काचेवर चरे पडलेला जुना ५८ मिमी यूव्ही फिल्टर शोधा. आतल्या बाजूला काच धरून ठेवणारी पातळ कडी असते आणि तिला समोरासमोर दोन खाचा असतात. कंपासपेटीतल्या डिव्हायडरची दोन टोकं खाचांत बसवून कडी डावीकडे फिरवा. टोक घसरलं तर हाताला लागतं, म्हणून फिल्टर रबरी तुकड्यावर दाबून धरा. काही फिल्टरमध्ये खाचा नसतात, नुसती तारेची कडी दाबून बसवलेली असते. ती सुईने उचकटते.

ॲक्रिलिक वापरत असाल तर काच काढून टाका. ती कागदावर ठेवून पेन्सिलने आखा, अर्धा मिलिमीटर आत कापा, कड पॉलिश पेपरने घासा आणि कडी परत बसवा. ३ मिमीच्या तुकड्यावर बऱ्याचदा कडीचे आटे पकडत नाहीत. मग आतून तीन ठिकाणी इपॉक्सीचा थेंब द्या. फेविक्विकची वाफ ॲक्रिलिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, ते टाळा.

टेफ्लॉन टेप वापरत असाल तर काच राहू द्या. टेप कशालाच चिकटत नाही, तिला दाबूनच धरावं लागतं. काचेवर पट्ट्या शेजारी शेजारी लावा, एकीवर दुसरी साधारण २ मिमी चढू द्या. दुसरा थर पहिल्याला काटकोनात, तिसरा तिरका, असे थर वाढवत जा. टेप ताणायची नाही. ताणली की पातळ होते आणि मधेच भोकं पडतात. कडी बसवून बाहेरची टेप ब्लेडने कापा.

थर किती? पेटलेल्या बल्बकडे धरा. बल्बचा आकार ओळखू येत असेल तर अजून एक थर. नुसता पसरलेला उजेड दिसला की थांबा. उगाच जाड करू नका, कारण थर वाढतील तसा लाल उजेड निळ्यापेक्षा जरा जास्त पार जातो आणि फिल्टर गरम छटेकडे झुकतो.

१८ टक्क्यांचं म्हणाल तर व्हाइट बॅलन्ससाठी त्याची काही गरज नाही. १८ टक्के म्हणजे साधारण अडीच स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फिल्टर लावून एक्स्पोजरही मोजायचं असेल तरच तो आकडा पाळावा लागतो. ३० टक्के असो की १०, नुसत्या त्या आकड्याने रंगात फरक पडत नाही.

---

उलटा_कॅमेरा

वर फिल्टर झाला, पण हळदीतली चूक फिल्टरची कमी आणि दिशेची जास्त आहे. "पाहुण्यांकडे कॅमेरा रोखून" हे चुकलं.

दुधी फिल्टर लावून पिवळ्या साड्यांकडे रोखलं की समोरच्या सगळ्या रंगांची सरासरी आत येते. ती पिवळीच असणार. ऑटो व्हाइट बॅलन्स जी चूक करत होता तीच तुम्ही हाताने केलीत. आपल्याला वस्तूचा रंग मोजायचा नाही, वस्तूवर पडणारा उजेड मोजायचा आहे. म्हणून नवरी बसणार त्या पाटाजवळ जा, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर कॅमेरा धरा, आणि जिथून फोटो काढणार आहात त्या दिशेला लेन्स करा. चेहऱ्यावर जो उजेड पडणार तोच फिल्टरवर पडला पाहिजे. मंडपाचं कापड गुलाबी असेल तर त्यातून गाळून येणारा गुलाबीपणाही आपोआप मोजला जातो. बोटं फिल्टरच्या कडेला येऊ देऊ नका, त्यांचा लालसरपणा आत जातो.

सेटिंग:

१. लेन्सवरची कळ एमएफवर (हाताने फोकस). शटर न दबण्याचं कारण हेच आहे. दुधी पृष्ठभागावर ऑटोफोकसला पकडायला काही सापडत नाही, म्हणून कॅमेरा फोटोच काढत नाही. फोकस अनंताकडे आणि झूम ५५ वर ठेवा. १८ वर लहान अॅपर्चर ठेवलं तर टेपचे जोड पुसट पट्ट्यांसारखे दिसू शकतात.

२. आत दिवे असतील तर शटर १/५० किंवा १/२५. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि काहींचा रंगही त्याबरोबर हलतो. १/५०० ला त्या चढउताराचा एक तुकडाच पकडला जातो आणि दर फोटोला वेगळा रंग येतो. बाहेर उजेडात एफ ५.६ ठेवून शटर कॅमेऱ्यावर सोडा.

३. फोटो काढून आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचा आलेख) बघा. तिन्ही रंगांचे सुळके मधल्या भागात हवेत. पिवळ्या दिव्यात एकूण उजेड ठीक दिसतो आणि लाल मात्र उजव्या भिंतीला टेकलेला असतो. तसं झालं तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करून पुन्हा काढा.

४. मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडा, सेट दाबा. पिक्चर स्टाइल मोनोक्रोम असताना काढलेला फोटो इथे चालत नाही.

५. आणि आता व्हाइट बॅलन्सच्या यादीत जाऊन कस्टमचं चिन्ह वेगळं निवडा. सेटिंग लागू होत नाही म्हणालात ते बहुधा ही पायरी राहिल्यामुळे.

फिल्टर काढा, फोकस परत एएफवर. हे विसरलात तर पुढचे पन्नास फोटो धूसर.

---

रॉ_खाऊ

एवढा खटाटोप कशाला? रॉमध्ये (कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेली फाइल) काढा आणि घरी येऊन संगणकावर ड्रॉपरने (हा भाग पांढरा धर असं सांगणारं साधन) पांढऱ्यावर टिचकी मारा. झालं.

---

उलटा_कॅमेरा

कोणत्या पांढऱ्यावर? सदरा नीळ घातलेला, भिंतीला क्रीम ऑइलपेंट, आणि हळदीच्या ताटाजवळचं पांढरं कापडही पिवळ्या झाकेचं. ड्रॉपरला खात्रीची तटस्थ जागा लागते. रॉ जरूर काढा, पण सुरुवातीला फिल्टरची एक फ्रेम घ्या आणि ड्रॉपर त्या फ्रेमवर मारा. तो आकडा बाकी सगळ्या फोटोंना एका फटक्यात लावता येतो. दिवे बदलले की नवी फ्रेम.

---

मापाडी

फिल्टर तपासायची रीत. घाई केली तर हीच पायरी फसते.

रात्री खोलीत एकच बल्ब लावा, रंगीत पडदे आणि भिंती जमेल तितक्या लांब. बल्बपासून एक मीटरवर चांगलं राखाडी कार्ड बल्बकडे तोंड करून ठेवा आणि कार्डने चौकट भरेल असा रॉ फोटो काढा. मग कार्ड बाजूला करून नेमक्या त्याच जागी फिल्टर लावलेली लेन्स बल्बकडे रोखा आणि दुसरा फोटो काढा. दोन्हींचा उजळपणा सारखा ठेवा. डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉ फोटोंच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फोटोंच्या मध्यावर ड्रॉपर मारून केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तसा उजेड पिवळट) लिहून घ्या.

समजा कार्डावर २९५० आले आणि फिल्टरवर २८७०. फरक ८० केल्विनचा, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण केल्विनची वजाबाकी इथे फसवते. दहा लाखाला केल्विनने भागा, येतो तो मायर्ड. ३३९ आणि ३४८.४, फरक साधारण ९.४. फिल्टरचा हा मायर्डमधला फरक कोणत्याही उजेडात जवळपास तोच राहतो. ५५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडात मायर्ड १८१.८, त्यात ९.४ मिळवले की १९१.२, म्हणजे ५२३० केल्विन. बल्बखाली ८० वाटणारी चूक दिवसा २७० केल्विनची होते.

दुरुस्ती कॅमेऱ्यातच आहे. कॅननच्या व्हाइट बॅलन्स शिफ्टमध्ये निळा-पिवळा अक्षावरचं एक घर सुमारे ५ मायर्डचं असतं. वरच्या उदाहरणात फिल्टर पिवळट, फोटो निळसर येणार, म्हणून दोन घरं 'ए'कडे (अंबर, म्हणजे पिवळ्या बाजूला) सरकवा. हिरवा-गुलाबी फरक निघाला तर दुसऱ्या अक्षावर तसंच. हे आकडे फिल्टरच्या डबीवर चिकटवून ठेवा. फरक २५ मायर्डच्या वर असेल तर मात्र दुरुस्तीच्या मागे न लागता तुकडाच बदला.

हीच चाचणी ढगाळ आभाळाखाली पुन्हा करा. दोन्हीकडे मायर्डचा फरक बराच वेगळा आला तर फिल्टरमध्ये चमक आणणारं द्रव्य आहे किंवा कार्ड खराब आहे. स्वस्त छापील कार्डं पुष्कळदा तटस्थ नसतात. शंका असेल तर टेफ्लॉन टेपचे पंधरा-वीस थर पांढऱ्या फळीवर गुंडाळा आणि कार्डाच्या जागी ते वापरा.

ॲक्रिलिक साबणाच्या पाण्याने पुसा. स्पिरिट किंवा थिनर लागला की बारीक तडे जातात.

---

चौकटीबाहेर

सगळ्यांचे आभार, दुधी ॲक्रिलिक आणि टेफ्लॉन दोन्ही करून तपासतो. दोन शंका उरल्या. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला तर फिल्टरने कसं मोजायचं? आणि एलईडीखाली व्हाइट बॅलन्स बरोबर घेऊनही कुंकू आणि लाल शालू मातकट का दिसतो?

---

मापाडी

शालूचं आधी. व्हाइट बॅलन्स लाल, हिरवा, निळा या तीन वाहिन्यांना फक्त कमीजास्त गुणतो. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल पट्टाच अशक्त असतो. जे उजेडात नाही ते गुणून येत नाही. खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० लिहिलेलं असलं तरी गडद लाल त्या सरासरीत मोजलाच जात नाही, त्याचा आकडा वेगळा असतो, आर९. तिथे फ्लॅशच हवा.

---

उलटा_कॅमेरा

कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला हा फिल्टर चालत नाही. फ्लॅशचा उजेड पुढे जातो, फिल्टरवर पडतच नाही. त्यासाठी राखाडी कार्ड नवरीच्या जागी धरा, फ्लॅश मारून फोटो काढा आणि त्यावरून कस्टम घ्या. फ्लॅश स्टँडवर ट्रिगरने चालवत असाल तर मात्र फिल्टर चालतो. नवरीच्या जागी उभे राहा, लेन्स कॅमेऱ्याच्या जागेकडे आणि फ्लॅशच्या बाजूला वळवा, शटर दाबा. फ्लॅश असताना शटर १/५० आणि हिस्टोग्राम मध्यावर, हे तसंच.

फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा आणि स्टेजवरचे दिवे ३००० चे असतील तर कोणताही एक व्हाइट बॅलन्स दोघांना पुरत नाही. चेहरा बरोबर आला की मागची भिंत नारिंगी. फ्लॅशच्या तोंडावर पूर्ण सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक पट्टी) लावा, म्हणजे फ्लॅशही दिव्यांच्या जवळपास येतो, आणि जेल लावल्यावर मोजणी पुन्हा घ्या. जेल कडेपर्यंत नीट चिकटवा. एका बाजूने पांढरा उजेड निसटला तर अर्धा चेहरा निळा येतो आणि तो नंतर कशानेच सुधारत नाही.