मदत हवी आहे: शनीच्या दोन चंद्रांपैकी मिमास शनीच्या जास्त जवळ, मग फवारे एन्सेलाडसवरच का?

गुरू-शनीच्या चंद्रांबद्दल सध्या मिळेल ते वाचतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय, कोणाला माहीत असेल तर प्लीज नीट समजावून सांगा.

गुरूच्या आयो या चंद्राचं कळलंय. आयोच्या चार फेऱ्या होतात तेवढ्यात युरोपा या दुसऱ्या चंद्राच्या दोन आणि गॅनिमीड या तिसऱ्याची एक, त्यामुळे आयोला युरोपाचा ओढा दर वेळी कक्षेत त्याच जागी बसतो आणि कक्षा गोल व्हायचं नावच घेत नाही. मग पावणेदोन दिवसांच्या प्रत्येक फेरीत आयो गुरूच्या थोडा जवळ, थोडा लांब, असा सतत दाबला-ताणला जातो आणि आतून तापतो. 1979 मध्ये पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणित छापलं आणि काही दिवसांतच व्हॉयेजर 1 यानाच्या फोटोत आयोवरचा ज्वालामुखी सापडला, काय कमाल आहे ना!

आता हेच लॉजिक शनीला लावलं की सगळं उलटं होतं. मिमास शनीपासून साधारण 1 लाख 86 हजार किमीवर, एन्सेलाडस 2 लाख 38 हजारवर. मिमासची कक्षा एन्सेलाडसपेक्षा चौपट लंबगोल (0.0196 विरुद्ध 0.0047). म्हणजे मिमास जास्त तापायला हवा, बरोबर? पण कॅसिनी यानाला 2005 मध्ये पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे दिसले ते एन्सेलाडसवर, आणि मिमास मात्र विवरांनी भरलेला, त्यातलं हर्शेल तर सुमारे 130 किमीचं, म्हणजे मिमासच्याच रुंदीच्या एक तृतीयांश! मिमास 400 किमीचा आणि एन्सेलाडस 500 चा, एवढ्याशा फरकाने इतकं काय बिघडतं? समीकरणं दिलीत तरी चालतील पण आधी कारण सांगा.

प्रतिसाद:
प्रश्न एकदम योग्य आहे, यावर अभ्यासकही बरीच वर्षं डोकं लावतायत. नुसता ओढा पुरत नाही, ओढल्यावर चंद्र आतून किती वाकतो आणि किती घासला जातो त्यावर उष्णता ठरते. गार कडक बर्फ फारसा वाकत नाही. एकदा आत पाणी झालं की वरचं कवच मोकळं वाकतं, अजून तापतं, म्हणजे जो तापला तो तापत राहतो. शिवाय एन्सेलाडसमध्ये खडक जास्त आहे. आणि त्याच्या दोन फेऱ्यांत शनीच्याच डायोनी या चंद्राची एक होते, त्यातून त्याची कक्षा लंबगोल राहते. मिमासचं टेथिस या चंद्राशी असंच 2:1 नातं आहे पण ते कक्षेच्या कलाशी (तिरकेपणाशी) जोडलेलं, त्याने कक्षेचा लंबगोलपणा टिकत नाही. उष्णता जी निघते ती याच लंबगोलपणातून खर्च होते, त्यामुळे मिमासकडे तो एवढा शिल्लक आहे याचाच अर्थ तो फार काळ तापलेला नाही.

तरी मिमासला मेलेला समजू नका. 2024 मध्ये कॅसिनीच्या डेटावरून एक पेपर आला, त्यात 20-30 किमी बर्फाखाली समुद्र असल्याचं म्हटलंय, आणि तो समुद्र अडीच कोटी वर्षांहूनही तरुण! इतक्यात वरची जुनी विवरं कशी पुसली जाणार?

धागाकर्ता:
खूप खूप आभार, शिल्लक असण्याचा मुद्दा वाचून डोक्यात एकदम प्रकाश पडला. पण मग टेथिस जर हे करत नसेल तर मिमासची कक्षा मुळात इतकी लंबगोल कोणी केली? शनीच्या कड्यांचा काही हात असू शकतो का, यावर कुणी लिहिलंय का?