शाब्दिक उदाहरण आलं की मुलगी अडते. क्ष नक्की कशाला मानायचा?

देवगडची आई
मुलगी आठवीत आहे. ३क्ष + ७ = २२ दिलं तर लगेच ५ काढते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली. काल आमच्याच बागेचा हिशोब तिला घातला: २० पेट्या भरल्या, काही चार डझनी, काही सहा डझनी, आंबे एकूण १०४ डझन. कुठल्या पेट्या किती? तिने मांडलं ४क्ष + ६क्ष = १०४, म्हणून क्ष = १०.४. मग रडवेली झाली, कारण पेटी दशांशात येत नाही हे तिलाही कळत होतं. शिकवणीत "सराव करा, येईल" एवढंच सांगतात. नेमकं कुठे चुकतंय?

निवृत्त गणित शिक्षक, राजापूर
ताई, दशांश पाहून ती थबकली ही फार चांगली खूण आहे. तिची चूक सोडवण्यात नाही, जी ओळ तिने लिहिलीच नाही तिथे आहे. क्ष म्हणजे नुसत्या "पेट्या" असं मनात धरलं की दोन्ही प्रकारांना तोच क्ष लागतो, म्हणजे दोन्ही सारख्याच संख्येने आहेत असं होतं. शिवाय २० हा आकडा तिच्या समीकरणात कुठेच नाही. दिलेली माहिती शिल्लक राहिली की मांडणी पुन्हा बघायची.

वहीत आधी पूर्ण वाक्य लिहून घ्या: "चार डझनी पेट्यांची संख्या क्ष मानू." मग सहा डझनी राहिल्या २० − क्ष. आता डझन मोजा.

४क्ष + ६(२० − क्ष) = १०४
४क्ष + १२० − ६क्ष = १०४
१२० − २क्ष = १०४
२क्ष = १६
क्ष = ८

चार डझनी ८, सहा डझनी १२. ताळा: ३२ + ७२ = १०४. ताळा मूळ उदाहरणातल्या आकड्यांशी करायचा. मांडणीच चुकली असेल तर समीकरणात घालून ते कळणार नाही. दुसऱ्या ओळीवर लक्ष ठेवा. ६ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचं, बरीच मुलं १२० − क्ष लिहून पुढे जातात.

आंबेवालो, वेंगुर्ला
माका समीकरण येना नाय, पण हिशोब असो: वीसय पेट्यो चार डझनी धरल्यो तर ८० डझन. रवले २४. मोठ्या पेटयेत दोन डझन जास्त, म्हणान मोठ्यो १२.

निवृत्त गणित शिक्षक, राजापूर
भाऊ, हेच तर समीकरण: ८० + २य = १०४, य म्हणजे मोठ्या पेट्यांची संख्या. ताई, मुलीला हीसुद्धा रीत दाखवा.

देवगडची आई
दाखवली, दोन्हीकडून १२ आले. आता विचारते, १२० पलीकडे नेलं की उणे का होतं?

निवृत्त गणित शिक्षक, राजापूर
पलीकडे काही जात नाही. दोन्ही बाजूंतून १२० वजा केले: −२क्ष = −१६. मग दोन्ही बाजूंना −२ ने भागलं. पक्षांतर ही त्याचीच आखूड मांडणी. सध्या तिला वजाबाकीची पायरी पूर्ण लिहू द्या, वेळ लागला तरी चालेल.

आणि हे घाला: दाभोळ-धोपावे फेरीबोटीत दुचाकी आणि चारचाकी मिळून ३० गाड्या, चाकं ८४. दुचाकी किती? उत्तराची घाई नको, आधी पहिली ओळ कळवा.

देवगडची आई
"दुचाकींची संख्या क्ष मानू, म्हणून चारचाकी ३० − क्ष." न विचारता लिहिलं, सर. पुढचं सोडवतेय.